कमळ, दहा वेळा

पहिलीत नव्यानं आलेल्या मुलाची बालवाडीतली वही मी मागून घ्यायची. तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच वर्षं पहिलीचा वर्ग माझ्याकडं होता, त्यात ही सवय लागली. एका मुलाच्या वहीत पानभर ‘कमळ’ होतं, दहा वेळा. अक्षर वळणदार, खाली लाल शाईत ‘छान’. मी म्हटलं, “हे कसं लिहिलंस ते मला दाखव बरं.” त्यानं पेन्सिल घेतली आणि वरून खाली दहा ‘क’ काढले. मग पुन्हा वर जाऊन दहा ‘म’. मग दहा ‘ळ’. शेवटी एकेका ओळीवर शिरोरेघ ओढली आणि वही माझ्यापुढं सरकवली.

“काय लिहिलंयस?”

“क.”

“आणि सगळं मिळून काय झालं?”

तो माझ्याकडं बघत राहिला.

पोरगं हुशार होतं. घरी किती शेळ्या आहेत, त्यातली कुठली गाभण आहे, सगळं सांगायचा. पण त्या पानावर त्यानं शब्द लिहिलाच नव्हता. तीन आकृत्यांचे तीन उभे रकाने भरले होते. कमळाचा त्या पानाशी काही संबंध नव्हता. नंतर मी मुद्दाम बघायला लागले, तेव्हा कितीतरी मुलं असेच रकाने भरताना दिसली. आणखी एक गोष्ट दिसली. पानाच्या पहिल्या ओळीतला ‘घ’ बाईंनी काढून दिलेला असतो. दुसरी ओळ मूल त्याच्याकडं बघून काढतं, तिसरी ओळ दुसरीकडं बघून, चौथी तिसरीकडं बघून. दहाव्या ओळीत तो ‘घ’ ओळखू येत नाही. म्हणजे जितकं जास्त गिरवलं, तितकं अक्षर बिघडत गेलं.

आमच्या सांगली-साताऱ्याकडच्या केजीत आणि बालवाड्यांत लिहायला शिकवणं म्हणून जे चालतं, त्यातलं बरंचसं असं आहे. मुलाला त्यातून वाचता येत नाही, लिहिताही येत नाही, आणि भाषा कानावर पडण्याची, तोंडात घोळण्याची सगळ्यांत मोलाची वर्षं त्यात खर्ची पडतात. तीन ते साडेपाच वर्षांच्या मुलाच्या दप्तरातून ही गिरवण्याची वही आणि तिच्यासोबतचा गृहपाठ काढून टाकला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. पण “लहान आहेत, नुसती खेळू द्यात की” असं म्हणून विषय मिटवणारेही मला पटत नाहीत. त्यांच्याकडं नंतर येते.

आधी पालकांबद्दल. वहीचा दोष सरसकट शाळांवर टाकणं सोपं आहे. पण पालकसभेत मी स्वतः ऐकलेलं वाक्य आहे : “बाई, पोरगं रोज शाळेत जातंय आन् वहीत तर कायच न्हाई. मग शिकतंय काय?” हा प्रश्न विचारणारा बाप द्राक्षबागेत मजुरीला जाणारा होता. स्वतः सातवीत शाळा सोडलेला. पोराला व्हॅन लावलीय, फी भरलीय, त्या पैशाचं काही तरी हातात दिसावं असं त्याला वाटलं, तर त्यात त्याचं काय चुकलं? गोष्ट ऐकताना मुलाच्या डोक्यात काय घडतं ते वहीत दिसत नाही. भरलेलं पान दिसतं. शाळेला हे कळतं, आणि पान भरलं जातं. शेजारच्या गावातल्या केजीत पोरं ‘कर्सिव्ह’, म्हणजे जोडून लिहायची वळणाची इंग्रजी अक्षरं, काढतात म्हटल्यावर आपल्याही केजीत कर्सिव्ह येतं.

त्या कर्सिव्हचा हिशोब एकदा मांडून बघा. इंग्रजीची अक्षरं सव्वीस. पण मोठी लिपी, छोटी लिपी, दोन्ही छापील आणि दोन्ही वळणाची धरली, की मुलापुढं एकशे चार आकार येतात. त्यावर मराठीचे स्वर आणि छत्तीस व्यंजनं. वर अंक, तेही दोन्ही लिप्यांतले. हे सगळं चारेघी आणि दुरेघी वहीत, साडेचार वर्षांच्या मुलानं, घरी कुणी इंग्रजीचा एक शब्द बोलत नसताना.

मग हाताचं बघू. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मताना ती हाडं नसतातच, मऊ, लवचीक कूर्चा असते. एकेक करत ती पुढच्या वर्षांत कठीण होतात, आणि शेवटचं तर नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान तयार होतं. चार वर्षांचं मूल मूठ आवळून पेन्सिल धरतं, कागद फाटेपर्यंत दाबतं, खांद्यातून हात हलवतं, त्याचं एक कारण हे आहे. त्याच्या बोटांना आधी ताकद पाहिजे, आणि ती कमावण्याच्या गोष्टी आपल्या घरात होत्याच. भुईमुगाच्या शेंगा फोडणं, हरभऱ्याचे घाटे सोलणं, बेंदराला मातीचे बैल करणं, दिवाळीत किल्ला बांधून त्याला पायऱ्या कोरणं, आईच्या शेजारी बसून पिठाच्या गोळ्याची वेडीवाकडी भाकरी थापणं. जुन्या शाळांत धूळपाटी होती : बोटानं धुळीत आकार काढायचा, चुकला की पुसायचा. बोटाला आकार कळायचा, चुकीची भीती नव्हती. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह उघडलं, तिथंही मुलं खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून आधी बोटं फिरवायची आणि तोंडानं त्याचा ध्वनी म्हणायची. हात आणि कान एकाच वेळी. आमच्या वहीत फक्त हात उरलाय, तोही दुखणारा.

मला खरं बोलायचंय ते कानाबद्दल.

वाचायला शिकणं हे डोळ्याचं काम आहे असं आपण धरून चालतो. पण लिपी म्हणजे बोलण्यातल्या आवाजांना दिलेल्या खुणा. ज्याला ‘भाकरी’ या शब्दात भा, क, री असे तीन तुकडे ऐकू येत नाहीत, त्याला त्या तीन खुणा कशाच्या आहेत ते कसं कळणार? मोठ्या माणसाला हे इतकं सवयीचं असतं की मुलाला ते येत नसेल असं वाटतच नाही. करून बघा. चार वर्षांच्या मुलाला विचारा, ‘मुंगी’ आणि ‘बैलगाडी’ यांत मोठा शब्द कुठला? तो म्हणेल बैलगाडी, कारण बैलगाडी मोठी असते. मग ‘मुंगी’ आणि ‘बैल’ विचारा. दोन्ही शब्द दोन-दोन अक्षरांचे, तरी पुन्हा बैलच म्हणेल, कारण बैल मोठा. शब्द हा वस्तूपासून वेगळा, आवाजाचा असतो, हे त्याला अजून सापडायचंय. ते टाळ्या वाजवत, शब्द तोडत, यमक जुळवत सापडतं. भा-क-री, तीन टाळ्या. मुं-गी, दोन. काकडी, काठी, काकू : सगळ्यांच्या तोंडाशी ‘का’ आहे. याला साहित्य लागत नाही, वीज लागत नाही, इंटरनेट लागत नाही.

आणि यातला सगळ्यांत चांगला धडा आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. भेंड्या! गाण्याच्या भेंड्या चार वर्षांच्या मुलाला जड जातात, पण गावांच्या नावांच्या भेंड्या पाच वर्षांची मुलं मोठ्यांना धरून खेळतात. तासगाव, व. विटा, ट. टेंभू, भ. भिलवडी, ड. डफळापूर, र. रेठरे. यात मूल काय करतं? शब्द ऐकतं, त्याचं शेवटचं अक्षर कानानं सुटं करतं, आणि त्या आवाजानं सुरू होणारा दुसरा शब्द मनातून शोधून काढतं. वाचनाच्या आधी लागणारी तयारी याहून वेगळी नसते. एसटीत, जेवताना, शेताच्या वाटेवर हा खेळ खेळला जायचा. आता प्रवासात मुलाच्या हातात मोबाइल असतो, आणि केजीत भेंड्यांचा तास नसतो.

अक्षरं शिकवायची वेळ आली की अंकलिपी निघते. क ख ग घ ङ. ही मांडणी फार मोठ्या बुद्धीची आहे. आवाज तोंडात कुठं तयार होतो त्याप्रमाणं अक्षरं लावलीत, कंठापासून ओठांपर्यंत. भाषा कळलेल्या माणसानं तिचं कौतुक करावं. पण शिकायला सुरुवात करणाऱ्या मुलासाठी हा क्रम लावलेला नाही. पाचव्याच पायरीवर ‘ङ’ येतो, ज्यानं मराठीत शब्दच सुरू होत नाही. पुढं ‘ञ’. ‘ण’ला बाण आणि ‘ळ’ला बाळ घ्यावं लागतं, कारण सुरुवातीला ते येत नाहीत. ‘ऐ’ची ऐरण आजच्या किती मुलांनी बघितलीय? आणि छत्तीस व्यंजनं संपेपर्यंत काना नाही, मात्रा नाही. म्हणजे मूल महिनोन्‌महिने अक्षरं घोकतं आणि त्याला एकही वाक्य वाचता येत नाही. कमळ, बदक, मगर, असे काना-मात्रा नसलेले शब्द तेवढे मिळतात. म्हणून तर प्रत्येक वहीत कमळ.

याउलट क, म, न ही तीन अक्षरं आणि एक काना घ्या. काका, मामा, नाना, काम, नाक, कान, मान, मन, मका, नाका, कमान. तीन अक्षरांत एवढा पसारा. फळ्यावर लिहा : “मामा, नका ना!” हे पूर्ण वाक्य आहे, त्यात राग आहे, लाडही आहे, आणि पाच वर्षांचं मूल ते वाचून हसतं. ज्या मुलाची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली, त्याच्याबरोबर आम्ही या गटापासून पुन्हा सुरुवात केली. दिवाळीच्या आधी एकदा तो शाळेत येऊन म्हणाला, “बाई, बोर्डावर ‘नाका’ लिवलंय.” बापाच्या गाडीवर मागं बसून जाताना त्याला जकात नाक्याची पाटी दिसली होती. पहिला शब्द त्याला वाचता आला नव्हता, दुसरा आला होता. त्या दिवसापासून तो पाट्या वाचायला लागला. खताच्या पोत्यावरचं, बिस्किटाच्या पुड्यावरचं, टेम्पोच्या मागचं.

तो “लिवलंय” म्हणाला, आणि मी त्याला तिथं अडवलं नाही. या मुद्द्यावर माझे अनेक सहकारी माझ्याशी सहमत नसायचे. माण-खटावचं, जतचं, पाटणच्या वाडीवस्तीवरचं मूल घरून जी मराठी घेऊन येतं ती पुस्तकातली नसते. ते ‘पानी’ म्हणतं, ‘बान’ म्हणतं. त्याला “ण, बाणाचा ण” शिकवणं म्हणजे जो आवाज त्याच्या तोंडात नाही त्याची खूण शिकवणं. जतच्या पूर्वेकडं तर कितीतरी घरांत कन्नडच बोलतात. ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर मराठवाड्यातून आलेली मुलं तिसरीच बोली आणतात. या मुलांचं पहिलंच वाक्य आपण “असं नाही म्हणायचं” म्हणून दुरुस्त केलं, तर ती दुसरं वाक्य बोलत नाहीत. बोलली नाहीत तर लिहिणार काय?

फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी काय केलं ते आपल्या भागातल्या प्रत्येक शिक्षकानं समजून घ्यायला हवं. जन्मानं अमेरिकन असलेल्या या बाई भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी आल्या, फलटणच्या बोलीवर त्यांनी पीएचडीचा प्रबंध लिहिला, आणि पुढं तिथंच राहून प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन उभं केलं. लोक कसं बोलतात याचा आधी अभ्यास, आणि मग मुलांना वाचायला शिकवणं, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. मी स्वतः वर्गात एवढंच करायची : मुलानं सांगितलेलं वाक्य त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहायची. “आमची म्हस याली.” मग सगळा वर्ग ते वाचायचा. ज्यानं ते सांगितलं त्याला ते पाठच असायचं, आणि पाठ असलेल्या वाक्यावरून बोट फिरवता फिरवता अक्षरं ओळखीची होत जायची. पुस्तकातली ‘म्हैस व्याली’ पुढं वाचनातून आपोआप येते. घाई आपल्याला असते.

आता “नुसतं खेळू द्या” म्हणणाऱ्यांकडं. सांगलीच्या विश्रामबागेत राहणाऱ्या, घरी पेपर येणाऱ्या, आईनं झोपताना गोष्ट वाचून दाखवणाऱ्या मुलाला केजीत नुसतं खेळू दिलं तरी त्याचं बिघडत नाही. पुस्तक कुठून उघडायचं, रेघ डावीकडून उजवीकडं जाते, चित्राखाली जे काळं दिसतं त्यात गोष्ट असते, हे त्याला कुणी न शिकवता कळलेलं असतं. पण ज्या घरात छापील म्हणावं असं एक कॅलेंडर आणि एक रेशनकार्ड आहे, त्या घरातल्या मुलाला अंगणवाडीतही पुस्तक दिसलं नाही, तर ते थेट पहिलीत दिसणार. त्याच्यासाठी ‘खेळू द्या’चा अर्थ ‘मागं राहू द्या’ असा होतो. शिक्षणाच्या ‘असर’ अहवालात २०२४ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. निम्म्याहून जास्त मुलांना आला नाही. ही मुलं पाचवीत येऊन मागं पडलेली नसतात, बिघाड त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि पुढं १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांना बरोबर घेऊन जे काम केलं, त्यात नुसतं खेळणं नव्हतं आणि गिरवणंही नव्हतं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. महागडी साधनं नाहीत तर बिया, शंख-शिंपले, पानं, माती घेतली. गाणी, गोष्टी, गप्पा, आणि त्यातूनच अक्षरांकडं जाणारी वाट. अंगणवाडी ही कल्पना आणि हा शब्द आपल्याला तिथून मिळाला. आज आपण शब्द ठेवलाय.

अंगणवाडीच्या ताईंना मी दोष देणार नाही. एक सेविका, एक मदतनीस. पोरांची वजनं, उंच्या, आहाराचं वाटप, गरोदर बायांच्या नोंदी, लसीकरण, सर्वेक्षणं, आणि हे सगळं मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये भरायचं. मिळतं ते मानधन. त्याला वेतन म्हणत नाहीत. २०२३ च्या डिसेंबरात राज्यभर त्यांचा संप झाला तो यावरच. एवढं सगळं करून झाल्यावर उरलेल्या वेळात बालशिक्षण. ‘आकार’ नावाचा चांगला अभ्यासक्रम राज्यानं अंगणवाड्यांसाठी केला; त्यातले भाषेचे खेळ मी बघितलेत, वर्गात वापरलेतही. पण तो करायला ताईंना दोन तास निर्धास्त मिळाले पाहिजेत.

खासगी केजीचं दुखणं वेगळं. मुलांवरचं अभ्यासाचं ओझं कमी करण्यासाठी केंद्र सरकारनं नेमलेल्या यशपाल समितीनं १९९३ मध्येच स्पष्ट लिहिलं होतं की पूर्वप्राथमिक वर्गांत वाचन, लेखन आणि अंकांचं औपचारिक शिक्षण लादणं ही मुलांवरची हिंसा आहे, आणि बालवर्गाच्या प्रवेशासाठीच्या परीक्षा-मुलाखती बंद कराव्यात. हिंसा हा शब्द समितीचा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला, म्हणजे बालवाडी आणि पहिली-दुसरी यांच्यात भिंत नको असं मान्य केलं. २०२१ मध्ये लहान मुलांच्या वाचन-लेखन आणि अंकज्ञानासाठीचं निपुण भारत अभियान आलं, २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. कागदावर तीस वर्षं एकच गोष्ट सांगितली जातेय. पण शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. त्याच्या खालच्या वयाचं मूल कुठल्या खोलीत, किती मुलांत बसतं, त्याला शिकवणाऱ्या बाईंचं प्रशिक्षण काय, तिला महिन्याला किती हजार मिळतात, हे विचारायला त्या केजीच्या दारात कुणी जात नाही. पालकांच्या मागणीवरच सगळं चालतं. म्हणून मी पालकांशी एवढं बोलतेय.

सावित्रीबाई फुले साताऱ्याच्या नायगावच्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली ती १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी. शिक्षणाचा एवढा वारसा असलेल्या या दोन जिल्ह्यांत हायस्कूल आणि कॉलेजांसाठी गावांनी वर्गण्या काढल्या, जमिनी दिल्या. त्याच गावांत अंगणवाडीसाठी मात्र समाजमंदिराची मागची खोली मिळते. एका ग्रामपंचायतीनं पंधरा हजार रुपये बाजूला काढले, तर अंगणवाडीत दोनशेच्या आसपास चित्रांची गोष्टीची पुस्तकं येतील. गावच्या कमानीच्या रंगाला याहून जास्त जातात.

आणि पहिलीच्या शिक्षकानं महिन्यातून एक दुपार अंगणवाडीत जाऊन बसावं. प्रवेशाच्या नियमानुसार ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होणारं मूल जूनमध्ये पहिलीत येतं, तेव्हा ते साडेपाचचं असू शकतं. हे तेच मूल आहे जे मे महिन्यापर्यंत ताईंच्या मांडीवर बसून गोष्ट ऐकत होतं. त्याला जूनमध्ये अचानक बाकावर ताठ बसवून दुरेघी वही देण्याआधी, ते काय बोलतं, कोणती गाणी म्हणतं, नावातलं पहिलं अक्षर ओळखतं का, हे ताईंकडून ऐकून घ्यायला एक दुपार पुरते.

मग मुलांनी लिहायचंच नाही का? लिहायचं, भरपूर. पण त्यांचं त्यांनी. माझ्या शेजारची साडेचार वर्षांची पोर आठवडी बाजाराच्या दिवशी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला यादी करते. नागमोडी रेघा, मध्येच एक उलटा ‘म’, कारण तिचं नाव म वरून आहे. आई विचारते, “काय काय आणायचं गं?” ती बोट ठेवून वाचते, “वांगी, कोथमीर, बिस्किटाचा पुडा.” बिस्किटाच्या पुड्यापुढं तिनं सगळ्यांत लांब रेघ ओढलेली असते. लिहिलेलं वाचता येतं, लिहिण्याला कारण असतं, आपण लिहिलं की बाजारातून वस्तू येते, हे तिला कळलंय. मागच्या महिन्यात तिच्या केजीतून चिठ्ठी आली : घरी लिखाणाचा सराव कमी पडतो, रोज दोन पानं गिरवून घ्या. आईनं ती चिठ्ठी माझ्याकडं आणली.

मी तिला म्हटलं, बाजाराची यादी तिलाच करू दे, आणि येत्या पालकसभेत तोच कागद घेऊन जा. त्यांना विचार, या आठवड्यात मुलांना कोणत्या गोष्टी वाचून दाखवल्या. ती म्हणाली, “एकटीनं कसं विचारू, काकू?” शनिवारी सभा आहे. तिच्या गल्लीतल्या आणखी तिघींची मुलं त्याच केजीत आहेत. त्या चौघींबरोबर मीही जाणार आहे.